एका मिनिटाचा हिशेब



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी पाढे पाठ केले, त्याच शाळेने सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ होणारे हे व्याख्यान देण्यासाठी मला बोलावले, हा मी माझा मोठा बहुमान समजतो. सरांचे नाव घेण्याची येथे गरज नाही. सिंधीपुऱ्यात नुसते ‘सर’ म्हटले की कोणाविषयी बोलणे चालले आहे, हे तीन पिढ्यांना समजते. सर गणित शिकवीत. मी बालरोगांचा डॉक्टर झालो. आमच्या दोघांच्या विषयांना जोडणारा एक धागा आहे आणि तोच आज मी आपल्यासमोर उलगडणार आहे. माझा विषय आहे तान्ह्या मुलांचा श्वास. वैद्यकात ज्याला ब्रॉन्किओलायटिस म्हणतात, म्हणजे सूक्ष्म श्वासनलिकांचा दाह, त्या आजाराविषयी मी बोलणार आहे. नाव अपरिचित वाटेल, पण आजार आपल्या घरातला आहे. ‘छाती भरली’, ‘पोट उडतंय’, ‘बाळाला धाप लागली’ अशा शब्दांत आपल्या आयाबहिणी त्याला पिढ्यान्पिढ्या ओळखतात.

आपले बुऱ्हाणपूर इतिहासाचे गाव आहे. १६३१ साली मुमताजमहलने चौदाव्या अपत्याला जन्म देताना येथेच प्राण सोडला आणि तापीपलीकडे जैनाबादेत तिला प्रथम दफन केले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या कथेतील एक तपशील मात्र सहसा सांगितला जात नाही. तिच्या चौदा मुलांपैकी निम्मी म्हणजे सात मुले लहानपणीच गेली. बादशाहीचे सारे हकीम हाताशी असलेल्या घराची ही कथा, तर त्या काळच्या विणकराच्या घरात काय होत असेल, याची कल्पना करावी. आज ते दिवस सरले आहेत. तरीही जी मुले अजून दगावतात, त्यांतील अनेकांचा शेवट श्वासाच्या आजाराने होतो. म्हणून हा विषय केवळ डॉक्टरांच्या सभेत बोलण्याचा नाही, तो शाळेत बोलण्याचा आहे.

आजार कसा होतो, ते आधी पाहू. त्यासाठी मी आपल्याला गावाबाहेरच्या कुंडी भंडाऱ्यावर घेऊन जातो. सतराव्या शतकाच्या प्रारंभी, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने शहरात आणण्याची ती योजना झाली. आपण शाळेच्या सहलीला गेलो असता कुंडीत डोकावून पाहिलेले आपल्याला आठवत असेल. त्या बोगद्याच्या भिंतींवर चुन्याचा थर साचतो, वाट अरुंद होते आणि पाण्याचा ओघ मंदावतो. आपली छातीही अशीच आहे. मुख्य श्वासनलिकेला फाटे फुटत फुटत शेवटी केसासारख्या बारीक नळ्या होतात आणि त्यांतून हवा फुप्फुसाच्या इवल्या पिशव्यांत पोहोचते. विषाणूची लागण झाली की त्या बारीक नळ्यांचे अस्तर सुजते, मेलेल्या पेशी आणि चिकट स्राव त्यांत अडकतात. काही नळ्या अर्धवट बंद होतात. तेथे हवा आत जाते, पण बाहेर पडत नाही. काही नळ्या पूर्ण बंद होतात, तेव्हा तेथली फुप्फुसाची पिशवी मिटून जाते.

येथे सरांचे गणित कामास येते. एकोणिसाव्या शतकात प्वाझई नावाच्या फ्रेंच वैद्याने बारीक नळीतील प्रवाहाचा नियम शोधून काढला. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाहाला होणारा विरोध दुप्पट किंवा चौपट होत नाही, तो सोळापट होतो. मोठ्या माणसाच्या रुंद नळीत थोडी सूज आली तर त्याला नुसती सर्दी-खोकला होतो. तीच सूज तीन महिन्यांच्या बाळाच्या नळीत आली तर त्याला प्रत्येक श्वासासाठी झगडावे लागते. घरात आजोबांना शिंका आणि नातवाला धाप, असे एकाच विषाणूने का घडते, याचे उत्तर या चौथ्या घातात आहे.

हा विषाणू बहुधा आर.एस.व्ही. असतो. १९५६ मध्ये तो प्रथम सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये सापडला आणि पुढल्याच वर्षी डॉ. रॉबर्ट चॅनॉक यांनी अमेरिकेतील आजारी बालकांत तो दाखवून दिला. दोन वर्षांचे होईपर्यंत जवळपास प्रत्येक मुलाला त्याची एकदा तरी लागण होते. बहुतेक मुले सर्दी-खोकल्यावर सुटतात, थोड्यांची छाती भरते. त्यातही दोन ते सहा महिन्यांची बालके, दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेली, जन्मजात हृदयदोष असलेली आणि कुपोषित मुले अधिक धोक्यात असतात. आजाराची चाल ठरलेली आहे. पहिले दोन-तीन दिवस नुसते नाक वाहते. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी धाप सर्वाधिक वाढते. त्यानंतर उतार पडतो, मात्र खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. ही चाल लक्षात ठेवावी. पहिल्या दिवशी ‘साधी सर्दी आहे’ म्हणून परत पाठवलेले मूल चौथ्या रात्री तसेच असेल, अशी खात्री कोणी देऊ शकत नाही.

मित्रहो, हे मी पुस्तकातून सांगत नाही. त्याची किंमत दुसऱ्या कोणीतरी मोजली आहे आणि ती गोष्ट आज या व्यासपीठावरून सांगणे माझे कर्तव्य आहे.

१९८९ सालची दिवाळी. मी नुकताच बालरोगशास्त्राची पदवी घेऊन सुटीत घरी आलो होतो. गल्लीत कौतुक होत होते. भाऊबीजेच्या संध्याकाळी शेजारची एक तरुण आई तीन महिन्यांचे बाळ घेऊन आली. म्हणाली, “भाऊ, कालपासून बाळ दूध धरत नाही. ओढतं आणि सोडून देतं.” घरात पाहुणे होते, फराळ चालला होता. मी बाळाच्या झबल्यावरूनच छातीला नळी लावली. शिटीसारखा आवाज ऐकू आला. मी एका औषधाचे नाव लिहून दिले आणि मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, “सर्दी आहे वहिनी, घाबरू नका.” तिसऱ्या रात्री त्या बाळाला घेऊन ते नवरा-बायको दवाखान्याकडे निघाले. बाळ वाटेतच गेले.

सुतक संपल्यावर मी सरांना भेटायला गेलो. मन मोकळे करण्यासाठी दुसरी जागा मला माहीत नव्हती. सरांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि मग एकच प्रश्न विचारला, “श्वास मोजले होतेस का रे?” मी गप्प राहिलो. ज्या शास्त्रात मी पदवी घेतली होती, त्यात तान्ह्या मुलाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा, हे पहिल्या धड्यात होते. मी मोजला नव्हता. झबलेसुद्धा वर केले नव्हते. सर पुढे एवढेच म्हणाले, “अंदाज हुशार माणसालाच फसवतो. म्हणून मोजायचं असतं.” सरांनी रागावून बोलले असते तर मला हलके वाटले असते. ते रागावले नाहीत.

श्वास मोजण्यात एवढे काय आहे, असे आपल्याला वाटेल. त्याचा इतिहास फार जुना नाही. १९८४ मध्ये पापुआ न्यू गिनी या देशातील गोरोका येथे डॉ. फ्रँक शान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, क्ष-किरण यंत्र नसलेल्या ठिकाणीही बाळाचे श्वास मोजून आणि छाती आत ओढली जाते का, ते पाहून आजाराची तीव्रता ओळखता येते. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने त्याच धर्तीवर आकडे ठरवून दिले. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा अधिक असतील, तर ते जलद समजावेत. तीन आकडे, पाढ्याहून सोपे.

आपल्या महाराष्ट्राने या तीन आकड्यांचे काय केले, हे अभिमानाने सांगण्यासारखे आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या कार्यकर्त्यांना आणि सुईणींना न्यूमोनिया ओळखण्याचे व त्यावर औषध देण्याचे शिक्षण दिले. ज्या सुईणींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी मण्यांची एक साधी पाटी आणि एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ तयार केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी ठरलेला मणी सरकला, तर बाळ आजारी. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गावांत हे काम झाले तेथे पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाने होणारे मृत्यू ८.१ होते, तर शेजारच्या तुलनेच्या गावांत ते १७.५ होते. माझ्या हाती पदवी होती, त्या सुईणींच्या हाती मणी होते. त्या मोजत होत्या, मी मोजले नव्हते.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. गडचिरोलीत जे औषध दिले गेले ते जंतूंमुळे होणाऱ्या न्यूमोनियावरचे होते. ब्रॉन्किओलायटिस विषाणूमुळे होतो, त्याच्यावर ते औषध चालत नाही. पण दोन्ही आजारांत बाळ संकटात आहे, ही पहिली सूचना श्वासच देतो.

आता आपल्या अगदी शेजारी पाहू. बुऱ्हाणपूर जिल्ह्याला लागून मेळघाट आहे. तेथे धारणी तालुक्यात डॉ. आशीष सातव यांच्या ‘महान’ या संस्थेने २०१६ ते २०२० या काळात आर.एस.व्ही.चा अभ्यास केला. रुग्णालयात आलेल्या मुलांची मोजदाद सगळेच करतात. येथे घरोघरी जाऊन दोन वर्षांखालील बालकांवर लक्ष ठेवले गेले आणि जी मुले घरीच दगावली, त्यांच्याही नाकातील स्राव तपासला गेला. दुःखात बुडालेल्या घराच्या उंबरठ्यावर जाऊन अशी परवानगी मागणे किती कठीण असेल! पण त्यामुळेच, रुग्णालयाच्या नोंदवहीत ज्यांचे नाव कधी आले नसते, अशी मुले या आजाराच्या हिशेबात आली. जगाचा हिशेबही तेच सांगतो. २०१९ साली जगात पाच वर्षांखालील सुमारे एक लाख मुले आर.एस.व्ही.मुळे दगावली, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील रुग्णालयात दगावलेली सुमारे २६ हजार. म्हणजे दर चार मुलांतील तीन मुले रुग्णालयाबाहेर गेली. शेजारचे ते बाळ त्या तिघांपैकी एक होते.

जी मुले रुग्णालयात वेळेवर पोहोचतात, त्यांचे तेथे काय होते? हा प्रश्न मला पालक नेहमी विचारतात आणि उत्तर ऐकून पुष्कळदा नाराज होतात. कारण या आजारावर रामबाण औषध नाही. १९६३ सालीच दोन डॉक्टरांनी लिहून ठेवले होते की प्राणवायू सोडल्यास दुसऱ्या कोणत्याही उपचाराचा खात्रीलायक लाभ दिसत नाही. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ औषधे तपासून पाहिली गेली. श्वासनलिका रुंदावणारी दम्याची वाफ, स्टिरॉइड, प्रतिजैविके, छाती थोपटण्याचे व्यायाम, यांपैकी कशाचाही नित्य उपयोग सिद्ध झाला नाही. कारण सरळ आहे. दम्यात नळीभोवतीचा स्नायू आवळला जातो आणि औषधाने तो सैल होतो. येथे नळीत सूज आणि घाण आहे. ती शरीरानेच साफ करायची असते आणि त्याला चार-पाच दिवस लागतात.

तर मग रुग्णालयाने काय करायचे? ते चार-पाच दिवस बाळाला तारून न्यायचे. रक्तातील प्राणवायू कमी असेल तर तो नाकाशी लावलेल्या नळीने द्यायचा. धाप वाढली तर थोड्या दाबाने हवा देऊन मिटणाऱ्या नळ्या उघड्या ठेवायच्या. नाक साफ ठेवायचे, कारण तान्हे मूल प्रामुख्याने नाकानेच श्वास घेते. दूध थोडे थोडे, वारंवार द्यायचे. ओढण्याची ताकद नसेल तर नळीने पोटात दूध किंवा शिरेतून पाणी द्यायचे. आणि सतत लक्ष ठेवायचे, कारण अगदी लहान बाळ कधी कधी श्वास घेणेच थांबवते. प्राणवायूचे प्रमाण सुई न टोचता दाखवणारे यंत्र जपानचे ताकुओ आओयागी यांच्या १९७० च्या दशकातील संशोधनातून आले. २०२१ च्या कोरोनाच्या लाटेत ते आपल्या घराघरांत पोहोचले. पण एक सावधगिरी सांगतो. मोठ्यांच्या बोटाला लावायचा तो चिमटा तान्ह्या बाळाला बसत नाही आणि खोटा आकडा दाखवतो. बाळासाठी वेगळा चिमटा असतो, तो रुग्णालयात.

शिकाऊ डॉक्टर असताना एका रात्री मी अशाच एका बाळाला एकामागून एक इंजेक्शने देत होतो. बाळ रडून निळे पडत होते. पाळीवरच्या वयस्क परिचारिका जवळ आल्या आणि म्हणाल्या, “डॉक्टर, आता त्याला जरा निवांत राहू द्या.” त्यांनी मिठाच्या पाण्याचे थेंब टाकून त्याचे नाक साफ केले, डोके उशाशी किंचित उंच केले, प्राणवायूची नळी नीट बसवली आणि त्याला आईच्या कुशीत दिले. तासाभरात त्याचा श्वास संथ झाला. डॉक्टरला काहीतरी देणे सोपे असते. काही न देता उशाशी जागे राहणे फार अवघड असते. म्हणून पालकांना माझी विनंती आहे की, “डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिले नाही” अशी तक्रार करण्यापूर्वी, डॉक्टर आणि परिचारिका बाळाकडे किती वेळा येऊन पाहतात, ते मोजावे.

जे करू नये, तेही स्पष्ट सांगतो. धाप लागलेल्या बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने डागण्याची प्रथा आपल्या परिसरातून अजून पुरती गेलेली नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्याच मध्य प्रदेशातील शहडोल जिल्ह्यात न्यूमोनिया झालेल्या तीन महिन्यांच्या मुलीला असे डागले गेले आणि ती दगावली. डागणाऱ्यांच्या मनात क्रूरता नसते, हे मला ठाऊक आहे. मूल डोळ्यांसमोर तडफडत असते आणि काहीतरी करावे, ही त्यांची धडपड असते. त्यांना शिव्या देऊन ही प्रथा जाणार नाही. करण्यासारखे खरे काम त्यांच्या हाती दिले तर जाईल.

ते काम काय? बाळ शांत असताना, दूध पीत नसताना, त्याचे झबले वर करावे. सेकंदकाट्याच्या घड्याळाकडे पाहून पोटाचे वर येणे पूर्ण एक मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये. तान्ह्याचा श्वास एका लयीत नसतो, तेथे गुणाकार चुकतो. आकडा जास्त आला तर पुन्हा मोजावा. दुसऱ्यांदाही जास्त आला तर दवाखाना गाठावा. आणि बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल, बाळ नेहमीच्या निम्मेही दूध पीत नसेल, कण्हत असेल, ओठ निळसर दिसत असतील, लंगोट बराच वेळ कोरडा असेल, बाळ सुस्त पडले असेल किंवा श्वास मध्येच थांबत असेल, तर सकाळची वाट पाहू नये. दोन महिन्यांखालील बाळाच्या बाबतीत तर शंका हेच पुरेसे कारण मानावे.

आजार टाळण्याचे मार्गही साधे आहेत. आईचे दूध द्यावे. ज्या खोलीत बाळ आहे तेथे चुलीचा आणि विडीचा धूर नसावा. सर्दी झालेल्याने, मग तो सख्खा आजोबा का असेना, बाळाचा मुका घेऊ नये. बाळाला घेण्यापूर्वी हात धुवावेत. बारशाची गर्दी थोडी आवरावी.

लसीची कथा खडतर आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत तयार झालेल्या पहिल्या लसीने उलटाच परिणाम केला. ती टोचलेल्या मुलांपैकी ज्यांना पुढे लागण झाली, त्यांतील बहुतेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि दोन बालके दगावली. त्या धक्क्यानंतर पन्नास वर्षे संशोधक सावधपणे चालत राहिले. २०१३ मध्ये विषाणूच्या एका प्रथिनाचे नेमके रूप उलगडले आणि वाट मोकळी झाली. २०२३ मध्ये गर्भवतीला द्यायची लस अमेरिकेत मान्य झाली. बाळाला एकदाच टोचायचे, काही महिने संरक्षण देणारे प्रतिपिंडाचे इंजेक्शनही युरोप आणि अमेरिकेत आले. २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन्हींची शिफारस केली. ही साधने आपल्या गल्लीतल्या शेवटच्या घरापर्यंत पोहोचतील तेव्हा पोहोचतील. एक मिनिट मात्र प्रत्येक घरात आजच आहे.

शेवटी शाळेकडे आणि माजी विद्यार्थ्यांकडे एक मागणे मागतो. दरवर्षी नववीच्या वर्गाला एका तासात तान्ह्या मुलाचा श्वास मोजायला शिकवावे. पन्नास मुले-मुली शिकली तर पन्नास घरे शिकतील. त्यांतील कोणाच्या तरी मांडीवर कधी लहान भाऊ असेल, पुढे स्वतःचे मूल असेल. हा तास गणिताच्या वेळापत्रकात ठेवावा, अशी माझी इच्छा आहे. सरांना ते आवडले असते.

ती वहिनी आजही सिंधीपुऱ्यात आहेत. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. त्यांच्या नातवाचा श्वास काही वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः मोजला, मला दूरध्वनी करून आकडा सांगितला आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता बाळाला घेऊन दवाखान्यात गेल्या. तो मुलगा आता याच शाळेत शिकतो.